उशिराचे कारण

जतच्या स्टँडवर एकतीस वर्षं मी गाड्या सोडल्या.
सहा किलोमीटरचा एक टप्पा.
सांगली पंधरा, विजापूर अकरा,
उमदीचे तर झोपेतही सांगेन.

आता शिवलीला म्हणते, अप्पा, तिकीट काढलं.
कॅलगरीहून.

हिरेमठ गुरुजींकडून शाळेचा पृथ्वीगोल आणला.
जुना. सोव्हिएत रशिया अजून शाबूत,
हिंदी महासागराला पोचा.
महानंदाच्या गोधडीचा निळा दोरा घेतला,
एक टोक जतवर, म्हणजे जिथं जत असावं तिथं
(नखाखाली अख्खा महाराष्ट्र गेला),
दुसरं कॅलगरीवर.
वाटलं, दोरा पश्चिमेला जाईल,
अरबस्तान, युरोप, मग समुद्र,
भिंतीवरच्या नकाशात जातो तसा.
ताणला, तर घसरत घसरत सरळ वर गेला
आणि उत्तर ध्रुवाच्या स्क्रूला अडकला.

तीनदा ताणला. तीनदा तिथंच.
म्हणजे लेक पश्चिमेला नाहीच.
सहा वर्षं मी संध्याकाळी अंगणात
चुकीच्या दिशेला खुर्ची टाकून बसलोय.

दोरा एकोणतीस सेंटीमीटर, वर दोन मिलिमीटर.
सेंटीमीटरला सव्वाचारशे किलोमीटर.
धरा बारा हजार चारशे.
दोन हजार सदुसष्ट टप्पे, सुट्टे पैसे नाहीत.
आपली लालपरी चाळीसच्या वेगानं गेली तर
बारा दिवस बावीस तास, ड्रायव्हर न जेवता.
विमान ताशी नऊशे.
पावणेचौदा तास.
पावणेचौदा!
घाटात गाडी बंद पडली की याहून जास्त
माणसं ताटकळलीत माझ्या खिडकीसमोर.

फोनवर आकडा सांगितला. हसली.
"अप्पा, थेट गाडी नाही. फ्रँकफुर्टला बदलायची.
तिथं साडेचार तास. मग मुंबई. मग तुमची एसटी."
दोऱ्याला कोपर फुटलं.
शिवाय घड्याळ साडेबारा तास पुढं ढकला.
सोमवारी संध्याकाळी पाचला निघणार,
बुधवारी पहाटे तीनला उतरणार,
मंगळवार कुठं उतरला, कुणाला माहीत.

मुंबई ते जत दहा तास.
सगळ्या हिशोबात एवढंच मला पक्कं येतं
आणि चुकेल ते इथंच,
मिरजेच्या फाटकात नाहीतर कवठ्याच्या पुढं.

"भाकरी कधी टाकू?" आतून आवाज.
म्हटलं, थांब जरा.

जुन्या नोंदवहीत एक कोरं पान निघालं.
कॅलगरी–जत, मार्गे फ्रँकफुर्ट.
सुटण्याची वेळ. पोचण्याची वेळ.
उशीर: सहा वर्षं.
शेवटचा रकाना, उशिराचे कारण.
पेन तिथं टेकलं ते टेकलंच,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

पिठाचे हात पदराला पुसत महानंदा मागं आली,
चष्म्याशिवाय वाकून वाचलं.
"पंक्चर लिहा की," म्हणाली,
"कायम तेच तर लिहायचा."