इतर

ग्रामपंचायतीच्या गोदामातला
युरियाचा वास अजून गेला नाही.
तिथं आता सहा संगणक,
आणि चौथ्यावर बसून प्रणोती खोब्रागडे
परक्या देशातल्या रस्त्यावर चौकटी काढते.

कार. कार. माणूस. सिग्नल.
चौकटीमागे वीस पैसे.
आपोआप चालणाऱ्या कुठल्याशा गाडीला
शिकवायचं : हा माणूस आहे, थांब.
आपल्या फाट्यावर एसटी थांबत नाही,
तिला कोण शिकवणार?

काल नाल्यापाशी जेसीबीनं केबल तोडली.
दुपारभर सहाही जण पायरीवर.
गुलशन मडावीनं चिंचा आणल्या, मीठ विसरला.
लाईन आली तेव्हा ऊन उतरलेलं,
आणि पडद्यावर, कुठून चुकून आली कोण जाणे,
एक बंडी.
दोन बैल, मागे तुराट्यांचा भारा.

यादी उघडली : कार, ट्रक, बस, सायकल.
"खासर आहे हे," प्रणोती म्हणाली.
"चाकं पाय ना, रेंगी होय," गुलशन.
"दमणी तं नाहीच," मागून कोणीतरी.
सगळे उठून आले. वाद मिटेना.
कोपऱ्यात घड्याळ सेकंद कापत होतं.

शेवटी तिनं चौकट ओढली,
शिंगंसुद्धा आत येतील अशी,
आणि यादीत सगळ्यात खाली जाऊन
दाबलं :
इतर.

वीस पैसे जमा.