सात परत

धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, टाकून देऊ की नेता?
मी म्हटलं, पैसे भरलेत, नेते.
सिस्टरनं पट्टी नळाखाली धरली,
गॉजमध्ये गुंडाळून हातात दिली,
उरलेलं कापड मी गिऱ्हाइकाला देते तशी,
चिंधीसकट.

घरी येऊन मोजलं.
पट्टीला भोकं आठ.
स्क्रू सात.

आठव्याचं डोकं तुटलं, तो आतच राहिला.
"काढायचा तर हाड कोरावं लागेल, मावशी.
असू द्या. तो काही बोलणार नाही."

पारोळा रस्त्यावर लूना घसरली, तेव्हापासून
तीन वर्षं ही माझ्या उजव्या नडगीला धरून होती.
अमळनेरात थंडी पडायची
त्याच्या आधी हिला कळायचं.
शेवंता दारातूनच विचारायची, गोधड्या काढू का?
मी पायावर हात ठेवून सांगायचे,
अजून दोन दिवस.
एकदाही चुकले नाही.
मशीनच्या पायडलवर मात्र दिवसभर
कुणी आतून टाचण्या लावत बसावं, तसं.
म्हणून काढली.

आता चष्म्याच्या घरात असते.
बरोब्बर बसते, माप घेऊन शिवल्यासारखी.
चष्मा बाहेर, रोज हरवतो.
स्क्रू बटणांच्या डब्यात.
हुक शोधताना बोटांना लागतात
नि बोटं जरा थांबतात.

खाली सांडलेल्या टाचण्या गोळा करायला
जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक आहे माझ्याकडे.
एका दुपारी पट्टीजवळ नेला.
टाचण्या धावल्या, कात्रीसुद्धा सरकली,
ही जागची हलली नाही.
मला बरं वाटलं.
का, ते विचारू नका.

"हाई कसाले ठेवस व? भंगारमा दी टाक,"
शेवंता म्हणते.
बाकीच्या म्हणतात, देवीला वाहून टाक.
लोक चांदीचा पाय वाहतात,
बोटाएवढा, पोकळ.
त्यावर कधी कुणी उभं राहिलेलं नसतं.
हिच्यावर मी उभी होते.
दोन लग्नसराया, ब्लाऊजचे ढीग,
छपराचे नवे पत्रे,
आणि धनी गेले ती रात्र,
सगळी, उभ्यानं.

यंदा थंडी आली ती
सगळ्यांबरोबरच मला कळली.
त्याआधी शेवंतानं विचारलं होतं.
मी सवयीनं हात ठेवला. आत गप्प.
काढ, म्हटलं, उगाच अंदाजानं.
पुढचे पाच दिवस पंखा लावून झोपलो दोघी आपापल्या घरी.
तिनं गोधड्या परत घडी केल्या,
मला काही बोलली नाही.

भाचा हिलाल सुट्टीत आला तेव्हा
कॉलर उलटवता उलटवता सांगितलं त्याला:
माझी राख भरायला बोरीकाठी जाशील ना,
तर घाई करू नको.
हाडांत एक काळपट स्क्रू सापडेल, बिनडोक्याचा.
बाकी सगळं पाण्यात सोड.
तो इथे आणून डब्यात टाक.

मला वाटलं, म्हणेल, काहीतरीच काय.
मोबाईलमधून वर न बघता तो म्हणाला,
"कोनता डबामा, मावशी?
गोल का चौकोनी?"