झिलपीची रात्र, चोपन्न सेकंदांत

मानेवाड्याला आमच्या अंगणातली नळाची तोटी चोरीला गेली,
पितळी, माझ्या लग्नाच्याही आधीची,
तेव्हा भोजराजनं बर्डीवरून हा कॅमेरा आणला.
चोर काही परत आला नाही.
दोन वर्षं कॅमेऱ्यानं पाहिलं ते एवढंच:
दूधवाला, बोकडेंचं मांजर,
वाऱ्यानं हलणारा टॉवेल,
आणि रोज सायंकाळी दारात वाकून जोडे सोडणारा भोजराज.

डिसेंबरात तंबू घेऊन झिलपीच्या तळ्यावर निघालो
तेव्हा मी तो दारावरून उतरवला.
चार स्क्रू, ओंजळभर धूळ, कोळ्याचं एक जुनं घर.
"काहून नेतं त्याले? तिथं कोनता चोर येनार हाये?"
म्हटलं, तिथं तीन आहेत.

आई सांगायची,
उत्तरेला म्हातारीचं खाटलं आहे, चार खुरांचं,
आणि मागे लागलेले तीन चोर.
रात्रभर ओढतात बिचारे.
लपवायला जागा सापडायच्या आत उजाडतं.
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

गोवऱ्यांवर रोडगे भाजून झाले,
वांग्याच्या भाजीचं गंज घासून पालथं घातलं,
त्यावर कॅमेरा, खाली टेकू म्हणून एक चपटा दगड.
पॉवर बँकेला थंडी बाधू नये म्हणून तिला भोजराजचा लोकरी मोजा.
कॅमेऱ्याचे लाल दिवे बंद केले,
नाहीतर रात्रभर नुसत्या पाकोळ्याच.
वीस सेकंदांनी एक चित्र घे, त्याला सांगितलं,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
दाराकडे नको, वर पाहा.

मी झोपले. मेल्यासारखी.

घरी येऊन सगळी चित्रं एकापाठी एक लावली.
नऊ तास झाले चोपन्न सेकंद.
हिंगण्याच्या कारखान्यांचा उजेड आभाळाच्या कडेला
उतू जाणाऱ्या दुधासारखा.
एक विमान, एकाच चित्रात, सुईएवढं.
मग अठराव्या सेकंदाला खाटलं उगवतं,
आधी दोन खूर, मग चारही,
आणि मागून ते तिघे,
खरंच ओढताहेत,
घसरत, तिरपे होत, ओढताहेत.
मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

एकतिसाव्या सेकंदाला पाण्याजवळ
काहीतरी काळं येऊन बसतं.
सदतिसाव्यापर्यंत तिथंच.
मी मोबाइल उघडून पाहिला:
दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं मला निरोप पाठवला होता,
माणूस आढळला.

सात सेकंद म्हणजे सत्तर मिनिटं,
हिशेब मी कागदावर केला.
चित्रं एकेक करून पाहिली, दोनशे दहा.
एकशे चौसष्टाव्यात फक्त
त्याची मान वळलेली आहे तंबूकडे.
एकशे पासष्टाव्यात पुन्हा पाण्याकडे.
मधल्या वीस सेकंदांत तो उठणार होता का,
हाक मारणार होता का,
ते कॅमेऱ्याकडे नाही.

सकाळी मी विचारलं होतं, झोप झाली ना?
"एकदम मस्त," म्हणाला,
चहाच्या वाफेत तोंड घालून.

ते सात सेकंद कापून पाहिले.
पण मग खाटलं आभाळात एकदम उडी मारतं,
आणि चोर कोणीतरी दुसरेच वाटतात.
राहू दिले.

घरच्या ग्रुपवर टाकला.
काय तारे, काय तारे, सगळ्यांचं सुरू.
तुमसरच्या वन्संनी तेवढं विचारलं,
"पान्याजवळ काय हाये वो ते?"
मी लिहिलं, दगड.

भोजराज आतल्या खोलीत होता.
त्याच्या नावापुढे दोन निळ्या खुणा आल्या.
बराच वेळ नुसत्या त्याच होत्या.
मग अंगठा.

स्क्रू चारही चहाच्या बशीत ठेवले आहेत.
दाराला अजून चार भोकं,
बोकडेंचं मांजर त्यांच्याकडे बघत बसतं.
काल रात्री जाग आली तर शेजारची उशी रिकामी होती.
ओट्यावर जाऊन बसले मीही, बाजूला.
मानेवाड्यात तारे दिसत नाहीत फारसे.
"किती वाजले?" त्यानं विचारलं.
मी पाहिलं नाही.