शंभराचा भाव

खानापूरच्या खाली, मलप्रभा वळते तिथं
माझ्या बापाची चौदा गुंठे चिकणमाती,
आणि मोनाप्पाच्या बापाची भट्टी, मातीवाचून थंड.
स्टॅम्पपेपर आधी आला, हळद मागनं.
सही येते काय, एवढंच विचारलं मला.
येते म्हटलं.
खरं आणखी काय काय येतं, ते कुणी विचारलं नाही.

तेरा वर्षं.
कौल थापायचं, उन्हाला लावायचं, तिसऱ्या दिवशी परतायचं.
भट्टी लागली की दोघांनी तीन रात्री जागायचं,
मधे चहाची किटली, बोलणं लाकडांपुरतं.
वाईट नव्हता. मारलं नाही, प्यायला नाही.
माझ्या टाचेत खापर घुसलं तेव्हा
दातांनी ओढून काढलं त्यानं
आणि लगेच उठून मोजायला गेला,
साडेचारशे, पाचशे.

माघात ती लोंड्याच्या गाडीनं उतरली.
कस्तुरी अंगडी, बिडीच्या शाळेत नवी हेडबाई.
छप्पर गळतं, बाराशे कौलं पाहिजेत.
मोनाप्पा भट्टीच्या तोंडाशी होता.
वळला, आणि हातातला ओंडका
खाली ठेवायचं विसरला.

मग तो कन्नड बोलला.
त्याचं कन्नड मी ऐकलं होतं की,
लाकूडवाल्याशी, गाडीवानाशी, घासाघिशीचं.
हे वेगळं.
ह्यात वाक्याच्या शेवटी हसू ठेवायला जागा होती.
धारवाडच्या कॉलेजात दोन वर्षं होता, ठाऊक होतं मला.
का सोडलं, ते विचारायचं नसतं.
इकडं बाप होता. तिकडं तिचे भाऊ.

मी चहा आणला. ते बोलत राहिले
भिंतीसमोर बोलावं तसं, निर्धास्त.
वावगं काहीच नाही. आई कधी गेली. चष्मा कधी लागला.
ती म्हणाली, लग्न केलं नाही.
तो म्हणाला, हं.
मग माझ्याकडं न बघता तिनं माझं विचारलं,
तर म्हणतो,
मण्णु अकीदु, बेंकी नंदु.
माती तिची, आग माझी.
कस्तुरीनं बशी खाली ठेवली.
हंचु यारदु?
मग कौलं कुणाची?

त्याला बोलता येईना.

माझं आजोळ हिरेबागेवाडी.
सातव्या वर्षापर्यंत मी भांडले, रडले,
देवाला शिव्या दिल्या, त्या सगळ्या कन्नडातनंच.
मी म्हटलं, नूरक्क इप्पत्तैदु रुपाय्री.
बाडगी ब्यारे.
शंभराला पंचवीस. भाडं वेगळं.

तेव्हा कुठं ती माझ्याकडं बघत राहिली.
डोळे चांगले होते तिचे.
तेवढंच वाईट वाटलं.

रात्री अंधारात विचारतो, कधीपासनं येतं तुला?
आधीपासनं.
बोलली नाहीस कधी.
तुम्ही तरी कुठं बोलला, माझ्याशी.

बाराशे कौलं मी स्वतः वाजवून दिली.
बोटाच्या पेरानं टकटक केलं की
पक्कं कौल घंटेगत बोलतं, भेगेचं खोकतं.
शेवटच्या थप्पीत एक खोकलं.
जाऊ दे, एकानं काय होतंय, मोनाप्पा म्हणाला.
गळतं ते एकातनंच, म्हटलं,
आणि दुसरं आणायला लावलं.

गाडी बिडीच्या वाटेला लागली.
वळणापर्यंत तो उभा होता,
मी पावतीपुस्तकात तीनशे रुपये लिहीत होते,
तीनच्या पुढं शून्य किती ते दोनदा बघितलं.
मग हात धुता धुता, पाठमोराच, तो म्हणाला,
ऊट आत?

जेवलीस का.
तेरा वर्षांत पहिल्यांदा त्या आवाजात.
माझ्यासाठी होता तो,
का गाडीबरोबर जायचा राहून गेलेला,
कळेना.

मी मराठीतच म्हटलं,
बसा, वाढते.