पाण्याची खोली

सात रस्त्यापाशी माझं दुकान, दहा बाय आठचं.
काचेवर निळा समुद्र चिकटवलाय, एका कोपऱ्यात सुटत आलेला.
गोवा. तीन रात्री चार दिवस. जाऊन येऊन स्लीपर.
नाश्ता, पूल पार्टी, पहिले दोन तास हवं तेवढं.
‘हवं तेवढं’ मीच लिहून दिलं होतं,
लाल रंगात छाप म्हणालो, जादा पैसे देऊन.

पाच जण आले मार्चच्या शेवटी,
शेवटचा पेपर टाकून थेट, पाठीवर सॅक तशीच.
हिरेमठांचा अमोघ, बागवानांचा तौफिक,
सुमेध शिवशरण, एक चष्मेवाला, त्याचं नाव विसरलो,
आणि श्रीहरी येमूल.
श्रीहरीने पन्नास-शंभराच्या नोटा मोजून दिल्या.
नोटांना तंबाखूचा वास.
आई विड्या वळते, म्हणाला,
मी काही विचारलं नसताना.

“पूल केवढाय हो?”
“लई मोठाय.”
मी तो पाहिला नव्हता, फोटो पाहिला होता.
फोटोत पाणी खालपर्यंत निळं असतं
आणि खाल कुठे संपतं ते दिसत नाही.

आता आमचं गाव तुम्हाला ठाऊक आहे.
नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री अडीचला.
बाया उठतात, पोरांना हलवून उठवतात,
पिंप, घागर, बादली, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवतात.
इथल्या पोराला पाणी कळतं
पिंपाच्या आतल्या पांढऱ्या क्षाराच्या रेघांवरून.
इथवर असलं तर दोन दिवस.
इथवर असलं तर आज आंघोळ नाही.
उडी मारायचं पाणी
त्याने कुठे मोजून शिकायचं?

दुसरी रात्र, अडीचच वाजले होते.
मनगटावर पिवळा पट्टा, वरच्या कठड्यावर श्रीहरी.
कोणीतरी म्हणालं, मार की बे.
चौघांतला कोण, ते चौघेही सांगत नाहीत.
बहुतेक चौघेही म्हणाले असतील.

साडेतीन फूट.

चौथ्या दिवशी बस वेळेवर आली.
चार पोरं उतरली, कोणी कुणाकडे न बघता रिक्षा केल्या.
माझ्या वहीत त्या ट्रिपसमोर ‘पूर्ण’ असा शिक्का आहे.
श्रीहरी अठरा दिवसांनी आला, आडवा,
मानेखाली काहीच नसल्यासारखा.
पिवळा पट्टा कापायचं कोणाला सुचलं नव्हतं म्हणे.

मग एका सोमवारी त्याचे वडील दुकानात आले.
उभा जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला,
ऐकू कमी येतं, म्हणून बोलतात मोठ्याने.
मी पैसे परत द्यायचं मनाशी धरून बसलो होतो,
आकडासुद्धा ठरवला होता.
ते म्हणाले, पाणी किती खोल होतं,
ते कागदावर लिहिलेलं होतं का?
दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. एक उठून गेलं.

मी पावती उलटी करून दिली.
सामानाची जबाबदारी ज्याची त्याची.
काच फुटल्यास भरपाई.
टॉवेल हरवल्यास चारशे रुपये.
तिथे त्यांचं बोट थांबलं.
चारशे, ते म्हणाले,
आणि ते टॉवेल विणणारं बोट कागदावरून उचललं.
पाणी मागितलं नाही. मीही दिलं नाही,
सुचलंच नाही.

दुकान चालूच आहे. हप्ते आहेत, खोटं कशाला बोलू.
फक्त आता पोरांना विचारतो, पोहता येतं का?
“काका, पोहायला कोण चाललंय!” हसतात.
आणि प्रत्येक हॉटेलला फोन लावतो.
खोली किती, म्हटलं की पलीकडचा सांगतो,
खोल्या आहेत ना सर, एसी, नॉन-एसी.
तसं नाही, पाण्याची, म्हणतो.
थांबा, बघून सांगतो.

आत्ताही तसाच थांबलोय, फोन कानाला,
पेन पावतीवर टेकवून.
बाहेर एका गाडीवर तिघं बसलेत,
हॉर्न वाजवतायत.