फाळक्याची उंची

धारूरला, केज नाक्यावर, खाजामियाँच्या शेडमध्ये
माझी पिकअप उभी आहे, रिकामी.
तोंड खाली, ढुंगण वर,
पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखी.

वैजनाथ म्हणतो, मामा, उचलूनच घेऊ,
चारी बाजूंनी चार इंच.
त्याच्या मोबाईलात एक गाडी आहे,
ती खडकावर उभी असते. तिला काम नसतं.
नाहीतर नुसतं नाक उचलू, दोन इंच,
सरळ तरी दिसंल. लोक हसायलेत.

लोक हसतात, हे खरं आहे.
पांदीतला गोटा चेंबरला लागतो, हेही खरं.
पाऊस उघडला की काळ्या रानातली चाकोरी गुडघ्याएवढी,
मधला उंचवटा अर्धा कोस पोटाला घासत येतो
आणि मी सीटवर पाय आखडून बसतो,
जणू त्यानं गाडी हलकी होणार आहे.

खाजामियाँ गाडीखालून बोलतात,
बाहेर फक्त त्यांची पावलं, एकातच चप्पल.
"रिकामी सरळ केलीस, तर भरल्यावर आभाळ बघंल."
नाक वर, दिवे वर,
उजेड लिंबाच्या शेंड्याला,
समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात,
रस्ता तेवढा अंधारात.
"कंपनीनं वाकडी नाय केली, बाबा.
मालासाठी जागा सोडली."

पटलं.
पण मन उंचीवरच होतं, खोटं कशाला बोलू.
हॉटेलासमोर गाडी लावायची, खिडकीत कोपर टेकायचं,
आणि चहा देणाऱ्या पोरानं
हात वर करून कप द्यायचा.
पन्नाशीच्या माणसानं
चार इंच मागितले तर काय बिघडलं?

तेवढ्यात कौसाबाई आली,
उद्या कुणाच्या मळ्यात, किती वाजता, ते विचारायला.
"उंच करायलास व्हय?"
"बघायलोय."
ती मागं गेली, फाळक्याला पाठ लावून उभी राहिली,
शाळेत पोरांची उंची मोजतात तशी.
फाळका तिच्या खांद्याच्या हाडाला लागला.
तिनं त्याच्यावर चार बोटं आडवी धरली.
बोटं हनुवटीपाशी आली.
बोलली काहीच नाही.
पदरानं हाताचं ग्रीस पुसत राहिली.

एका क्रेटात वीस किलो सीताफळं.
असे शंभर क्रेट, चार बाया.
मी हिशोब करायला घेतला
आणि मधेच सोडला.

खाजामियाँ सरपटत बाहेर आले,
मागच्या पाट्यांवर पान्यानं टकटक केली.
"हा सातवा कुणाचा? तुझा.
मागल्या दिवाळीला तूच घालायला लावलास,
शंभर क्रेट बसावेत म्हणून.
ढुंगण त्यानं वर गेलंय.
आता म्हणतोस, तोंड खाली का."

मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.
वैजनाथ हसला, मग माझ्याकडं बघून थांबला.

काढले. दोन्हीकडचे.
गंजलेला बोल्ट निघायलाच तास गेला,
रॉकेल ओतलं, शिव्या दिल्या, शेवटी कापला.
जॅक उतरवला तशी गाडी मागून दीड बोट बसली.
सरळ नाही झाली.
जरा कमी वाकली, एवढंच.

एक पाटा कौसाबाईनं मागून घेतला.
घिसाड्याकडून दोन खुरपी निघतील म्हणाली,
तिसरं निघालं तर जावेला.
खांद्यावर टाकून चालायला लागली,
तिच्या पाठीवर तो कमानीसारखा वाकलेला,
प्रत्येक पावलाला जराजरा हलणारा.

पांदीतला गोटा आहे तिथंच आहे.
उद्या ऐंशीच क्रेट,
आणि सीटमागं टिकाव टाकून न्यायची.
पहाटे वैजनाथला उठवीन,
दोघं मिळून उंचवटा फोडू, जेवढा फुटेल तेवढा.

रात्री नाक्यावरून निघालो, दिवे लावले.
उजेड वीस पावलांवर पडला, खाली, डांबरावर.
तिथं झोपलेलं एक कुत्रं उठलं,
अंग झाडलं,
आणि बाजूला झालं.