पाठ नसलेली ओळ

पहिल्या दिवशी काहीच दुखलं नाही.
धंतोलीहून ऑटोत आले काळा गॉगल लावून,
बाबांनी माझी पर्स बगलेत धरली होती, फाइलीसारखी.
मला वाटलं, एवढंच?

रात्री दोनला सुरू झालं.
कांदा नव्हे, मिरची नव्हे, वाळू नव्हे,
लोक जे जे सांगतात ते मी एकेक करून नाकारत गेले
कारण अंधारात मोजायला दुसरं काही नव्हतं.
पापणी मिटली की पापणीच खरवडायची.
उघडली की कूलर यायचा अंगावर
ओल्या वाळ्याचा वास घेऊन,
आणि तो वाससुद्धा टोचायचा.
खिडकीवर दोन चादरी ठोकल्या होत्या,
तरी सकाळी दाराखालून मे महिना आत आला,
बोटभर जाडीचा.

"वर पाह्य."
फ्रीजमधली गार बाटली आणि बाबांचा अंगठा.
चष्म्याचे स्क्रू फिरवण्यात चाळीस वर्षं गेलेला हात,
एक थेंब गालावर सांडला नाही.
"दुखून राहिलं?"
"नाही."
"मंग उशी काऊन ओली?"

महालातल्या त्यांच्या दुकानात
माझे अकरा चष्मे झाले.
पहिला सातव्या वर्षी, गुलाबी, मागे दोरीवाला.
शेवटचा वजा साडेसहाचा.
ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत,
काउंटरची काच तेवढी पुसली,
पुसून झालेली, परत.
लांजेवार काकू मात्र गेटातूनच बोलल्या,
"चष्मेवाल्याच्याच पोरीनं असं केलं
तं गिऱ्हाईक काय म्हणन, भाऊजी?"
बाबा म्हणाले, "गिऱ्हाइकाचा नंबर गिऱ्हाइकापाशी."
आणि घड्याळ बघून
थेंबांची वेळ झाली म्हणून आत आले.
झाली नव्हती. वीस मिनिटं होती.

तिसऱ्या दुपारी दुखणं गेलं नाही,
नुसतं शेजारच्या खोलीत जाऊन बसलं.
मी दोन घास वरणभात खाल्ला, न बघता.
पाचव्या दिवशी डॉक्टरांनी चिमट्याने
डोळ्यावरची पातळ लेन्स उचलली
आणि मला दिसलं ते सगळं
ताक पिऊन झालेल्या ग्लासातून.
रात्री वर्धा रोडवर मेट्रोखालचे दिवे
कापसाच्या बोंडांसारखे फुटलेले,
एकातून दुसरा वेगळा करता येईना.
भीती वाटली. कुणाला सांगितली नाही.
बोट सारखं नाकाच्या दांडीवर जायचं
जे घसरलंच नाही ते वर सरकवायला.

तीन आठवड्यांनी दुकानात गेले.
बाबांनी स्टूल पुढे केलं, भिंतीवरचा तक्ता पेटवला.
मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटलं.
ते हसले नाहीत.
"हा तं तुले सहाव्या वर्षापासून पाठ आहे."

त्यांना ठाऊक होतं.
एक अख्खं वर्ष मी नंबर लपवला होता
पाठांतरावर,
आणि हे माणूस गप्प राहिलं होतं,
फळ्यावरचं मला दिसेनासं होऊन
मी स्वतःच रडत येईपर्यंत.
राग यावा की काय, कळेना.

त्यांनी तक्ता बंद केला.
रस्त्यापलीकडे बोट दाखवलं,
सायकलींच्या, हातगाड्यांच्या, उन्हाच्याही पलीकडे.
"ते वाच. खालचं, बारीक."

मी वाचलं,
कूलरच्या ताट्या बदलून मिळतील.
त्याखाली, आणखी बारीक,
दुपारी दोन ते चार हाका मारू नये.

"बरोबर," बाबा म्हणाले, लगेच.

त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर
एक आडवा ओरखडा होता, जुना,
काडी दोऱ्याने बांधलेली.
त्या काचेतून रस्त्याची ही कडसुद्धा
धड दिसत नसणार.
मी काही बोलले नाही.
ड्रॉवर उघडला,
बारका स्क्रूड्रायव्हर काढला,
म्हटलं, आणा तो इकडे.